आक्रसलेली पुतळी

समुद्रापल्याड, फार फार लांबच्या एका देशात, जिथे ज्वारी-बाजरी कुणी डोळ्यांनी पाहिली नव्हती आणि लोक मक्याच्या भाकऱ्या खाऊन सुखाने ढेकर देत होते, तिथे एका खाडीच्या दोन काठांना दोन गावं होती. त्यांची नावं घेताना तुमची-आमची जीभ अडखळेल. म्हणून आपण त्यांना अलीकडचं गाव आणि पलीकडचं गाव म्हणू. दोन्ही गावं कोळ्यांची. पुरुष उजाडता उजाडता एका खोडाच्या होड्या घेऊन समुद्रात जायचे आणि ऊन चढायच्या आत परत यायचे.

परत येताना त्यांना एकच धास्ती असायची. खाडीच्या तोंडाशी, बरोब्बर मधोमध, पाण्याखाली खडक दडलेले होते. अलीकडच्या गावाला यायचं तर डावीकडून वळसा घ्यायचा, पलीकडच्या गावाला यायचं तर उजवीकडून. उलटा वळसा घेतला की होडी थेट खडकावर. हवा स्वच्छ असली तर यात काही अवघड नव्हतं. पण थंडीत तिथे असं धुकं पडायचं, की वल्हं मारणाऱ्याला स्वतःच्या वल्ह्याचं टोक दिसत नसे.

मग होड्या घरी यायच्या कशा? आवाजावर! दोन्ही गावांत घरोघरी मातीची एकेक पुतळी असे. आतून पोकळ, पाठीमागे फुंकायला भोक. पुतळी म्हणजे शिटीच होती. धुकं पडलं की बायका पाण्याशी रांगेत उभ्या राहून आपापली पुतळी फुंकायच्या. अलीकडच्या गावाची पुतळी मोठी, रुंद टोपीची, दोन्ही हात वर केलेली बाई. तिचा आवाज जाड. पलीकडच्या गावाची पुतळी लहान, वेण्या घातलेली मुलगी. तिचा आवाज बारीक. जाड आवाज ऐकला की अलीकडचे नावाडी डावा वळसा घ्यायचे, बारीक ऐकला की पलीकडचे उजवा. इतकी साधी गोष्ट, पण तिच्यावर दोन गावांचे संसार उभे होते.

या दोन्ही पुतळ्या एकाच बाईने घडवलेल्या. तिच्या बोटांत जादू होती म्हणतात. तिने आधी एक मोठी आणि एक लहान अशा दोन मूळ पुतळ्या हातांनी घडवल्या, भाजल्या, त्यांच्यावर ओली माती दाबून साचे काढले आणि मग त्या साच्यांतून घरोघरच्या पुतळ्या निघू लागल्या. तिला दोन मुली. थोरली मुकुय, धाकटी कुसाम. मोठ्या पुतळीचा साचा मुकुयकडे आला. लहान पुतळीचा साचा घेऊन कुसाम लग्न करून पलीकडच्या गावी गेली.

इथवर सगळं ठीक होतं. पण म्हातारपणी आई जाऊन राहिली ती धाकटीकडे, आणि गेलीही तिथेच. दोन्ही मूळ पुतळ्याही तिच्याबरोबर तिकडे गेल्या होत्या. मुकुयच्या मनात ते सलत राहिलं. आपण थोरली, आपण सगळं केलं, आणि आईने शेवटी जवळ केलं कुणाला, तर धाकटीला! तिने पलीकडच्या गावाचं नाव टाकलं. खाडीवर लाकडी साकव होता, त्यावरून पलीकडे जायची वाट होती, पण मुकुयचं पाऊल कधी त्या साकवावर पडलं नाही.

एरवी मुकुय कामाला वाघीण होती. साच्यात माती अंगठ्याने कशी दाबायची, कुठे पातळ ठेवायची, कुठे जाड, पाठ कधी चिकटवायची, भोक कोणत्या तिरकसपणाने पाडायचं, तिच्या बोटांना ते झोपेतही ठाऊक होतं. हाताखाली गावातल्या बायका असत. एखादीची पुतळी जरा वाकडी निघाली की मुकुय ती पुन्हा मातीत कालवायला लावायची. बायका तिला मुकुयमावशी म्हणत आणि थोड्या टरकूनही असत.

त्या देशात एक रीत होती. वर्ष सरताना घरातली मडकी, चटया, पुतळ्या, सगळं जुनं फोडून-मोडून टाकायचं आणि नव्या वर्षाला सगळं नवं घ्यायचं. साचे आणि मूळ पुतळ्या सोडल्या, तर जुनं एक खापरसुद्धा घरात ठेवायचं नाही. त्यामुळे वर्षअखेरीला मुकुयच्या साच्याला उसंत नसे. गावातल्या झाडून सगळ्या घरांना नवी पुतळी लागायची.

अशाच एका वर्षअखेरीला काम अर्ध्यावर असताना मुकुयच्या हातातला साचा उभा चिरला. आईच्या हातचा साचा! मुकुयला रडू कोसळलं. पण डोळे पुसल्यावर तिला कळत होतं, की यात रडण्यासारखं काही नाही. मूळ पुतळी पलीकडे कुसामच्या घरी आहे. जायचं, मागायची, तिच्यावरून नवा साचा काढायचा. एका सकाळचं काम.

पण जायचं कसं? कुसामच्या दारात उभं राहून तिच्याकडे हात पसरायचा? मुकुयला ते मरणाहून कठीण वाटलं. स्वतः नवी पुतळी घडवावी म्हटलं, तर ते तिला येत नव्हतं. साच्यात माती दाबणं वेगळं आणि नुसत्या मातीतून बाई उभी करणं वेगळं. ते फक्त आईला यायचं.

तेव्हा मुकुयने काय केलं? नुकतीच भाजून निघालेली एक पुतळी उचलली आणि तिच्यावर माती दाबून तिचाच साचा काढला.

आता यात वाईट काय, असं तुम्ही विचाराल. कुठल्याही कुंभाराला विचारा. माती सुकताना आक्रसते, भट्टीत भाजताना आणखी आक्रसते. मूळ पुतळी आईने ते धरूनच मोठी घडवली होती. पण पुतळीवरून काढलेला साचा आक्रसतो आणि त्या साच्यातून निघालेली पुतळी आणखी आक्रसते. ती आधीच्या पुतळीपेक्षा लहानच निघणार. आणि पोकळी लहान झाली की आवाज बारीक होणार. मुकुयला हे पोरवयापासून माहीत होतं. म्हणून तर आई म्हणायची, की साचा नेहमी मूळ पुतळीवरूनच काढायचा.

नवी पुतळी निघाली. मुकुयने ती जुनीच्या शेजारी ठेवून पाहिली. नखाएवढी लहान. फुंकून पाहिली. आवाज कणभर चढा. एवढ्याने काय बिघडतं, असं ती मनाशी म्हणाली. चिरलेला साचा तिने गुपचूप खाडीत टाकला आणि कुणाला काही सांगितलं नाही. त्या वर्षी दोन्ही साच्यांतल्या पुतळ्या घराघरांत मिसळून गेल्या, पुढचं वर्ष सरताना रिवाजाप्रमाणे त्याही फुटल्या आणि ताडून पाहायला गावात काही उरलं नाही.

साचे झिजतात. नाक-डोळे बुजतात. काही वर्षांनी तोही साचा बुजला, तेव्हा मुकुयने पुन्हा तेच केलं. या वेळी फारसा विचारही करावा लागला नाही. फरक नखाएवढाच होता, फक्त या वेळी तो आधीच्या फरकात भर घालत होता. मग आणखी काही वर्षांनी तिसरा साचा, मग चौथा. दर वेळी मुकुय नवी पुतळी कालच्या पुतळीशेजारी ठेवायची आणि म्हणायची, आहे की तशीच!

बाई खुजी होत चालली. नाक चपटं झालं, वर केलेल्या हातांची बोटं एकमेकांत मिसळली, टोपीची झालर गेली. बायका कामाला बसल्या की हसायच्या, की आपली पुतळी म्हातारी व्हायला लागली. मुकुय हसायची नाही.

एकदा तिच्या मुलानेही तिला विचारलं. काबान तिचा एकुलता एक मुलगा. लहानपणी आजीच्या मांडीवर बसून ऐकलेला तो जाड आवाज त्याच्या कानात होता. एक दिवस समुद्रावरून आल्यावर तो सहज म्हणाला, "आई, हल्ली आपला आवाज बारीक वाटतो गं."

सांगून टाकावं, असं मुकुयला क्षणभर वाटलं. लेकासमोर मान खाली घालावी लागली असती, साकव ओलांडावा लागला असता, पण सगळं तिथेच निस्तरलं असतं. ती म्हणाली, "तुझ्या कानांत पाणी गेलंय. कोमट तेल घाल."

काबानने बिचाऱ्याने खरोखरच कानांत तेल घातलं.

असं करता करता एक वर्ष असं उजाडलं, की अलीकडच्या गावाची पुतळी आक्रसत आक्रसत पलीकडच्या पुतळीएवढी झाली. कुणाला त्याचा पत्ता नव्हता. बाई आणि मुलगी, दिसायला दोघी वेगळ्या. पण आतली पोकळी तेवढीच आणि आवाजही तोच. त्या हिवाळ्यात धुकं उशिरा पडलं, म्हणून कित्येक दिवस निभावलं.

मग एका सकाळी धुकं उतरलं. दोन्ही गावांच्या होड्या बाहेर होत्या. काबानचीही होती. बायका पाण्याशी आल्या, रांगेत उभ्या राहिल्या आणि पुतळ्या फुंकू लागल्या. पलीकडच्या काठावरूनही शिट्या सुरू झाल्या. मुकुयने आपली पुतळी ओठांना लावली आणि तशीच खाली घेतली. अलीकडून आणि पलीकडून एकच आवाज येत होता. पलीकडची बाई तिच्या शेजारीच उभी राहून फुंकते आहे असं वाटावं, इतका सारखा.

धुक्यात नावाडी उत्तरादाखल शंख फुंकत, ते होड्यांवरचे शंख ऐकू आले. ते गोंधळलेले होते. एक डावीकडून वाजे, एक उजवीकडून, मग दोन्ही गप्प. भरती चढत होती आणि भरतीचं पाणी होड्यांना खडकांकडे लोटत होतं. तेवढ्यात लाकूड फुटल्याचा आवाज झाला आणि माणसं ओरडली. मग पाण्याच्या लाटांशिवाय काही ऐकू येईना.

होडी कुणाची, हे कुणालाच कळलं नाही. बायका रडत रडत आणखी जोरात फुंकू लागल्या. मुकुयच्या डोळ्यांपुढे काबान आला. पण तिला दुसरंही दिसत होतं. आपण जितक्या जोरात फुंकू, तितके पलीकडचे नावाडी फसतील. कुणाच्या तरी मुलाला आपण आवाज देऊन खडकावर बोलावतोय.

ती रांगेसमोर जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "थांबा. हा आवाज आपला नाही. तो मी बिघडवलाय."

बायकांना आधी काही समजेना. मुकुयने चार वाक्यांत सगळं सांगितलं. साचा चिरला ते, कुसामकडे जायला लाज वाटली ते, पुतळीवरून साचा काढला ते. तिच्या हाताखाली काम करून केस पिकलेल्या बायका तिच्याकडे पाहतच राहिल्या. एकीने तर हातातली पुतळी तिच्या अंगावर भिरकावली. आमचे नवरे बाहेर आहेत आणि तू आम्हाला गप्प बसायला सांगतेस, असं ती ओरडून विचारत होती. मुकुयने तिला समजावलं, की आवाज आला नाही तर नावाडी वल्ही थांबवतो आणि वाट बघतो, चुकीचा आवाज आला तर तो पुढे येतो. मी खरा आवाज घेऊन येते, तोवर धीर धरा. बायकांनी पुतळ्या खाली केल्या. आणि मुकुय साकवाकडे धावत सुटली.

धावायचं तिचं वय राहिलं नव्हतं. कांदळवनातल्या चिखलात ती दोनदा पडली. साकव ओलांडून पलीकडच्या काठावर पोचली, तेव्हा तिला धाप लागली होती. कुसाम पाण्याशी उभी होती, हातात पुतळी, डोळे धुक्याकडे लागलेले. तिचा मुलगा इमिशही बाहेर होता. आई गेल्यापासून दोघी बहिणी समोरासमोर आल्या नव्हत्या. आता दोघींचेही केस पांढरे झाले होते.

मुकुयने हात जोडले नाहीत की रडून दाखवलं नाही. काय झालं ते सांगितलं आणि आईची मोठी पुतळी मागितली. कुसाम घरात गेली आणि कापसात गुंडाळलेली पुतळी घेऊन आली. मुकुयच्या हातात देताना ती म्हणाली, "ही तुझीच आहे, ताई. आईने जाताना सांगितलं होतं, थोरली न्यायला येईल, तिला दे. मी इतकी वर्षं वाट बघत होते."

मुकुयला रडायला वेळ नव्हता. ती आल्या वाटेने परत धावली.

अलीकडच्या काठावर येऊन तिने मूळ पुतळी फुंकली. काय तो आवाज! जाड, भरलेला, छातीत घुमणारा. तरुण बायकांनी तो कधी ऐकलाच नव्हता. म्हाताऱ्यांना मात्र तो ऐकताच हुंदका आला. मुकुय फुंकत राहिली. दम संपला की शेजारचीने पुतळी घ्यायची, तिचा संपला की तिच्या शेजारचीने. धुक्यात एक शंख वाजला, डावीकडे. मग दुसरा. होड्या एकेक करून डावा वळसा घेत काठाला लागल्या. पहिल्याच होडीतून काबान उतरला. पलीकडून एकट्या बारीक आवाजावर पलीकडच्याही होड्या आपल्या गावाला लागल्या.

धुकं विरलं तेव्हा खडकांवर एका होडीचे तुकडे दिसले. ती पलीकडच्या गावाची होती. अलीकडच्या काठावरचा आवाज आपला समजून ती त्याच्या रोखाने आली होती आणि वळसा मात्र सवयीने उजवा घेतला होता. तिच्यातली दोन माणसं पोहून वर आली. तिसरा इमिश होता. तो सापडला नाही.

बातमी आली तेव्हा मुकुय काबानचा हात धरून उभी होती. तिने तो सोडला. आपला मुलगा आपल्याला मिळाला आणि बहिणीचा आपण नेला, एवढंच तिच्या डोक्यात घुमत राहिलं. काबान तिच्याशी बोलायला लागला, तर तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

दोन्ही गावांची पंचमंडळी जमली. लोक संतापले होते आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. हिला गावाबाहेर काढा, असं सगळ्यांचंच म्हणणं पडलं. मुकुयने गाठोडं बांधूनच ठेवलं होतं. शेवटी पंचांनी कुसामला विचारलं, की तुझा मुलगा गेला, तू सांगशील ते करू.

कुसाम म्हणाली, "हिला हाकललंत तर हे कसं घडलं तेही हिच्याबरोबर जाईल. हिला इथेच राहू द्या. दर वर्षी नव्या पुतळ्या वाटायच्या आधी हिने दोन्ही गावांसमोर उभं राहून हे सांगायचं. काही न वगळता."

तेच ठरलं. मूळ पुतळीवरून सगळ्यांच्या देखत नवा साचा निघाला. मूळ पुतळी चौकातल्या ओट्यावर ठेवली गेली, आणि नव्या वर्षाची पुतळी तिच्या शेजारी ठेवून, फुंकून पाहिल्याशिवाय कुणाच्या घरात जायची नाही, असा नवा रिवाज पडला. जुनं सगळं फोडायचं, पण एवढं एक फोडायचं नाही.

बहिणी पुन्हा बोलू लागल्या का? लागल्या. साकवावरून जाणं-येणंही सुरू झालं. पण मुकुयशी बोलताना कुसाम हसली, असं कुणी पाहिलं नाही.

पहिल्या वर्षी सांगताना मुकुयचा आवाज इमिशच्या नावाशी अडकला आणि तिला खाली बसावं लागलं. पुढच्या वर्षी तिने शेवटपर्यंत सांगितलं. ती म्हातारी होत गेली, काठी आली, पण तिने एक वर्ष चुकवलं नाही, की एक शब्द वगळला नाही.

एका वर्षी गावात नव्याने आलेल्या एका सुनेने तिला मध्येच थांबवलं. पोर भोळी होती, तिला खरंच कळत नव्हतं. तिने विचारलं, "मुकुयआजी, साचा पहिल्यांदा चिरला तेव्हाच का नाही गेलात बहिणीकडे? पलीकडचं गाव फार लांब होतं का?"

मुकुय म्हणाली, "मलाही तसंच वाटायचं, पोरी. त्या दिवशी चिखलातून पडत-धडपडत गेले, तर तव्यावरची भाकरी उलटायच्या आत पोचले."

तात्पर्य: चूक नखाएवढी असते तेव्हाच ती सांगून मोकळं व्हावं. ती झाकून जो दर वेळी कालच्याशीच ताडून पाहतो, तो मुळापासून किती लांब गेला हे त्याला कळत नाही, आणि त्याची किंमत पुष्कळदा दुसऱ्याच कुणाला मोजावी लागते.